उत्तराची वाट

कात्रजचा घाट उतरून पुणे-सातारा रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की खेड-शिवापूर मागे पडते आणि नसरापूर-कापूरहोळच्या टापूत भोर तालुक्यातील कामथडी हे गाव लागते. महामार्गावरून वेगाने जाणाऱ्याला ते दिसते न दिसते तोच सरते. अशा गावातल्या घरांत आज भिंतीवरच्या एकाच पडद्यावर संध्याकाळची मालिका, यूट्यूबवरचे कीर्तन, क्रिकेटचा सामना आणि मुंबईला किंवा परदेशात राहणाऱ्या नातवाचा चेहरा आलटूनपालटून येतो. कार्यक्रम आणि निरोप या एका पिढीपूर्वीपर्यंत दोन वेगळ्या गोष्टी होत्या. त्यांची यंत्रे, सरकारी खाती आणि बिलेही निराळी होती. आता दोन्ही एका जोडणीतून घरात शिरतात. हे कसे घडले याचा माग काढायचा तर सुरुवात स्वस्त डेटाच्या २०१६ या सालापासून करून भागणार नाही, आणि मुंबई दूरदर्शनच्या १९७२ पासूनही नाही. या खोऱ्यात दूरवरचा संदेश पाहण्याची गोष्ट साडेतीनशे वर्षांपूर्वीची आहे. तिथूनच आपण निघू, आणि प्रत्येक मुक्कामी एक प्रश्न विचारत जाऊ: संदेश इथवर पोहोचला हे खरे, पण इथल्या माणसाला उलट काही सांगता आले का?

पहिला मुक्काम ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीचा. तानाजी मालुसऱ्यांच्या तुकडीने कोंढाणा घेतला आणि गड हाती आल्याची खूण म्हणून पागेच्या छपरांना आग लावली. तिचा उजेड शिवाजी महाराजांनी राजगडावरून पाहिला, असे कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला लिहिलेल्या बखरीत नोंदवले आहे. दोन गडांमधले हवाई अंतर सुमारे १५ किलोमीटर. मध्ये डोंगराच्या सोंडा आणि दऱ्या आहेत. माणसाला ते अंतर तुडवायला रात्र पुरली नसती. उजेडाला क्षणही लागला नाही. मात्र त्या उजेडात एवढेच लिहिलेले होते की गड घेतला. तानाजी पडले ही बातमी दुसऱ्या दिवशी जासुदाने पायी आणली. वेगवान संदेश तोकडा असतो आणि तपशीलवार संदेश मागाहून येतो, हा नियम पुढची तीनशे वर्षे या खोऱ्यात टिकून राहिला. दुसराही एक नियम त्याच रात्री दिसला. उजेड ज्याला दिसेल त्यालाच कळेल. डोंगराआड असलेल्या वाडीला गड जळाला काय आणि विझला काय, सारखेच. कोंढाणा, म्हणजे आजचा सिंहगड, या मागोव्यात पुन्हा एकदा भेटणार आहे.

इंग्रजी अमलात निरोपाची व्यवस्था खात्यांच्या ताब्यात गेली. १८५४ मध्ये टपालाचा नवा कायदा आला, देशभर एकाच दराची तिकिटे आली आणि त्याच सुमारास मुंबई-पुणे तारायंत्रही सुरू झाले. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले, पुढच्या वर्षी मनिऑर्डर. बारा मावळांतल्या माणसांसाठी या दोन गोष्टी तारेपेक्षा फार मोठ्या होत्या, कारण इथला कर्ता माणूस मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा बाजारात असे आणि घर गावी. महिन्याची मनिऑर्डर आणि तिच्या तळाच्या कागदी पट्टीवर लिहिलेल्या दोन ओळी हाच संसाराचा धागा. ज्यांना वाचता येत नसे त्यांना पोस्टमनच पत्र वाचून दाखवी आणि उत्तरही लिहून घेई. म्हणजे घरातले गुपित आधी पोस्टमनला कळे. तरीही ही वाट दुहेरी होती. पत्र आले तसे पत्र जाई. तारेचा मान वेगळाच होता. शब्दाला पैसे मोजावे लागत, म्हणून तार फक्त मरणाधरणाची, आणि तारवाला दारात दिसला की बायका पाकीट उघडण्याआधीच हंबरडा फोडत. १५९ वर्षे चाललेली ही सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा तिच्याबद्दल हळहळणाऱ्या पुष्कळांच्या घरी आयुष्यात एखादी किंवा दुसरीच तार आलेली होती.

टेलिफोनची केंद्रे मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला २८ जानेवारी १८८२ रोजी सुरू झाली, पण खेड्याच्या दृष्टीने पुढची शंभर वर्षे टेलिफोन ही साहेबाच्या किंवा पेढीच्या टेबलावरची वस्तू राहिली. गंमत अशी की खेड्यात टेलिफोन नव्हता तेव्हाही पुणे जिल्हा जगाशी बोलत होता. १९२७ मध्ये इंग्लंडशी थेट बिनतारी संपर्क जोडला गेला, त्याचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला होते आणि ग्रहण केंद्र दौंडला. चव्वेचाळीस वर्षांनी, १९७१ मध्ये, जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळच्या आर्वीला उपग्रहाशी बोलणारे भूकेंद्र उभे राहिले. त्याला पुढे विक्रम साराभाईंचे नाव दिले गेले. जिल्ह्याच्या माळावरून लंडनशी बोलणे होत असताना त्याच जिल्ह्यातल्या गावाला तालुक्याशी बोलायला एसटीने जावे लागे. संदेशाच्या मोठ्या वाटा गावाच्या डोक्यावरून जात होत्या. गावात उतरण्याचे थांबे अजून बांधायचे होते.

पहिला खरा थांबा रेडिओचा. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने मुंबईचे केंद्र सुरू केले. कंपनी बुडाली, सरकारने ते काम हाती घेतले आणि १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. पुण्याचे केंद्र १९५३ चे. तोवर भोर संस्थान जाऊन पाच वर्षे झाली होती. १९४८ मध्ये सचिवांचे हे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले होते. गावातला पहिला रेडिओ बहुधा कुणाच्या घरचा नसे. तो ग्रामपंचायतीचा असे, चावडीत किंवा शाळेत कुलूपबंद पेटीत, आणि बाहेर भोंगा. संध्याकाळी बाजारभाव, हवामान, बातम्या लागत आणि माणसे पारावर बसून ऐकत. घरच्या रेडिओला परवाना लागे, त्याचे पुस्तक टपाल कार्यालयात मिळे आणि दरसाल पैसे भरून त्यावर शिक्के मारून घ्यावे लागत. म्हणजे ऐकण्यासाठीही पोस्टाची पायरी चढावी लागे.

या रेडिओयुगातला एक प्रसंग आज जवळजवळ विस्मरणात गेला आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि तेव्हा उत्तर सातारा म्हणून ओळखला जाणारा जिल्हा, अशा पाच मराठी जिल्ह्यांतली दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचे श्रोतृमंडळ, त्याला एक अध्यक्ष आणि लिहिता-वाचता येणारा एक निमंत्रक. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा खास कार्यक्रम होई. विषय शेतीचे, आरोग्याचे, शिक्षणाचे, गावकारभाराचे. कल्पना कॅनडातून आली होती. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी मंडळे रेडिओभोवती जमत. इथे कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि बोलायला सुरुवात करायची. काय पटले, काय नाही, आपल्या गावात यातले काय होईल, हे निमंत्रक टिपून घेई आणि प्रश्न टपालाने पुण्याला जात. पुढच्या कार्यक्रमांत त्यांतल्या काहींची उत्तरे येत, इतर मंडळांच्या बातम्याही येत.

त्यावेळी आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर होते. प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने केली. नुसता रेडिओ असलेली गावे, रेडिओही नसलेली गावे आणि श्रोतृमंडळाची गावे अशी तुलना झाली. मंडळाच्या गावांतले ज्ञान इतरांपेक्षा कितीतरी अधिक वाढलेले आढळले. रेडिओ होता पण मंडळ नव्हते अशा गावांत वाढ थोडीच होती. माथुर आणि न्यूराथ यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये छापला, जगभर वाचला गेला, आणि त्याच वर्षी ही मंडळे देशभर नेण्याचे ठरले. पुढे मंडळांची संख्या वाढली तसा त्यांतला जीव ओसरला. तरी आपल्या मागोव्यात १९५६ ला मोठे महत्त्व आहे. एकतर्फी यंत्राला उत्तराची वाट जोडता येते, हे मराठी खेड्यांनी दाखवून दिले होते. त्यासाठी लागणारी साधने होती एक पेटी, एक वही, टपालाचे एक तिकीट आणि रेडिओ बंद करण्याची शिस्त.

साठीच्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ चावडीतून निघून गोठ्यात, बांधावर, खांद्यावर गेला. ऐकणे घरगुती झाले. मुंबई केंद्राच्या श्रुतिकेतले टेकाडे भावजी घराघरांत पोहोचले, पुण्याहून सुधा नरवणे यांच्या आवाजातल्या बातम्यांवर लोक घड्याळ लावू लागले. ट्रान्झिस्टर विकत घेणाऱ्याला निमंत्रकाची गरज नव्हती. ऐकण्याचे स्वातंत्र्य वाढले आणि जमून बोलण्याचे निमित्त गेले. हा सौदा आपल्याला यापुढे प्रत्येक वळणावर भेटेल.

दूरचित्रवाणी दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. तिच्या अगदी आरंभीच्या निर्मात्यांत आपले पु. ल. देशपांडे होते, हे मराठी माणसाला अभिमानाने सांगता येते. पण दिल्लीबाहेर पडायला तिला तेरा वर्षे लागली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. मुंबईचे चित्र सह्याद्रीपलीकडे आणायचे तर उंच जागा हवी होती. ती सापडली सिंहगडावर. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीच्या त्या माथ्यावर १९७३ मध्ये सहक्षेपण केंद्र उभे राहिले. ज्या गडावरच्या आगीचा उजेड राजगडावरून दिसला होता, त्याच गडावरून आता अदृश्य लहरी पुण्यावर आणि दक्षिणेच्या खोऱ्यांवर पसरू लागल्या. नियम मात्र १६७० चाच राहिला. जिथून गड दिसतो तिथे चित्र स्वच्छ. जिथे मध्ये डोंगर येतो तिथे मुंग्या. कामथडीपासून सिंहगडाचे हवाई अंतर वीस किलोमीटरच्या आतबाहेर. या पट्ट्यातल्या कौलांवर आणि पत्र्यांवर उभ्या राहिलेल्या अँटेनांची तोंडे वायव्येला, गडाच्या रोखाने असत. वेल्ह्याच्या आतल्या खोऱ्यांत, ज्या तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे, तिथे उंच बांबूला अँटेना बांधूनही कधी नुसता आवाज येई, कधी नुसती सावली.

आरंभी टीव्ही घेणारे घर गावात एखादेच. त्यामुळे काही काळ पार पुन्हा भरला, फक्त आता तो कुणाच्या तरी ओटीवर भरला. 'आमची माती, आमची माणसं' पाहायला शेतकरी येत, 'गजरा' आणि 'चिमणराव'ला सगळेच, आणि 'साप्ताहिकी' लागली की पुढच्या आठवड्यात कधी कामे उरकून यायचे हे बायका मनाशी ठरवत. १५ ऑगस्ट १९८२ ला रंग आले. २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झाले आणि रविवारची सकाळ देशभर एकसारखी झाली. पडद्याला हार, समोर उदबत्ती, वीज गेलीच तर ट्रॅक्टरची बॅटरी. पुढच्या वर्षी गांधीजयंतीला 'महाभारत' आले. एकाच क्षणी सगळ्यांनी एकच गोष्ट पाहण्याचा हा उच्चांक होता. वेळ दिल्ली ठरवी, निवड दिल्ली करी, आणि पाहणाऱ्याला उलट बोलायचे तर पोस्टकार्ड हाच उपाय होता. याला छेद दिला तो भाड्याच्या व्हीसीआरने. गणपतीत किंवा लग्नाच्या हळदीला वर्गणी काढून व्हीसीआर आणि रंगीत संच आणायचा आणि रात्रभर तीन पिक्चर पाहायचे. कोणते पाहायचे ते गावाने ठरवायचे. आपल्या वेळी आपल्या आवडीचे पाहण्याची पहिली चव खेड्याला या भाड्याच्या पेटीने दिली.

इकडे निरोपाची बाजूही हलत होती. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने तिथल्या अभियंत्यांनी १२८ जोडण्यांचे छोटे टेलिफोन केंद्र बनवले. ते वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चालेल असे होते. पहिले केंद्र जुलै १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसले आणि मग देशभरच्या खेड्यांत अशी केंद्रे गेली. त्यांच्या मागोमाग रस्त्याकडेच्या गावांत पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. महामार्गावरच्या गावाला हा लाभ लवकर मिळाला, कारण गिऱ्हाईक रस्त्यानेच येत होते. रात्री दर कमी होत म्हणून जेवणे उरकून बूथवर रांग लागे. समोर लाल आकडे पळत, त्यामुळे मायलेकी मुद्द्याचेच बोलत. निरोप शेजाऱ्याच्या फोनवर येई आणि "तुमचा फोन आलाय" अशी हाक गल्लीत घुमे. पोस्टमनला कळणारे गुपित आता बूथवाल्याला आणि शेजारणीला कळू लागले.

१९९१ च्या आखाती युद्धाने उपग्रह वाहिन्यांची ओळख झाली, २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही आला आणि गावोगावच्या तरुणांनी डिश, ॲम्प्लिफायर आणि काळ्या तारेची भेंडोळी आणून केबलचा धंदा सुरू केला. विजेच्या खांबांवरून, आंब्याच्या फांदीवरून, कौलांवरून तार घरात येई. हा केबलवाला गावातलाच पोरगा असल्याने त्याला सांगता येई: आज दुपारी अमुक पिक्चर लाव, उद्या तमक्याच्या लग्नाची कॅसेट दाखव. उत्तराची एक छोटी वाट या तारेला होती, कारण तिच्या दुसऱ्या टोकाला ओळखीचा माणूस होता. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी, २००० च्या जुलैत ई टीव्ही मराठी, आणि त्याच वर्षी दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला 'सह्याद्री' हे नाव. मराठी घराला पहिल्यांदाच आपल्या भाषेत चोवीस तास पाहता येऊ लागले. 'चार दिवस सासूचे' तीन हजारांहून अधिक भाग चालली. २००४ पासून 'होम मिनिस्टर' घेऊन आदेश बांदेकर वहिनींच्या दारात जाऊ लागले. टेकाडे भावजींनंतर मराठी घराला पडद्यावरून पुन्हा एक भावजी मिळाले. भारनियमनाच्या त्या वर्षांत मालिकेचा शेवट पाहायला मिळेल की नाही हे महावितरण ठरवी, ही गोष्ट वेगळी.

मग केबलच्या तारेची जागा छत्रीने घेतली. २००३ पासून खासगी डीटीएच, डिसेंबर २००४ पासून दूरदर्शनची मोफत सेवा. छपरावरची दिशा बदलली, हे टिपून ठेवण्याजोगे आहे. पूर्वी वायव्येला गडाकडे पाहणारी घरे आता आग्नेयेला, ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाकडे पाहू लागली. डोंगराची आडकाठी संपली. वेल्ह्याच्या आतल्या वाडीतही पुण्याइतकेच स्वच्छ चित्र आले. पण उपग्रहाला सांगणार काय? गावातला केबलवाला गेला आणि त्याच्याबरोबर ती छोटी वाटही गेली. फोन लावून आणि पुढे एसएमएस करून स्पर्धकाला मत देण्याची सोय आली, तीही दोन-तीन रुपये मोजून. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खेड्याचे पाहणे मोजलेच जात नव्हते. कोणती मालिका किती पाहिली जाते हे ठरवणारी यंत्रे शहरांतल्या निवडक घरांत बसत. बार्क या संस्थेने ग्रामीण घरांचे आकडे त्यात धरायला सुरुवात केली ती २०१५ मध्ये. चाळीस वर्षे खेडे टीव्ही पाहत होते आणि टीव्हीच्या हिशेबात ते नव्हते.

आता इंटरनेटकडे वळू. त्याचीही वंशावळ मुंबईतच सुरू होते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात श्रीनिवासन रमणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठीय संगणक जोडायला घेतले. परदेशाशी जोडणारी त्यांची वाहिनी सेकंदाला ९,६०० बिट वाहून नेई. आजचा साधारण ७०० मेगाबाइटचा चित्रपट तिच्यावरून उतरवायचा म्हटला असता तर पावणेसात दिवस लागले असते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले, तेही टेलिफोनच्या तारेवरून. नेट चालू असेल तेव्हा फोन बंद. खेड्याला नेट देण्याचा एक मोठा यत्न फार लवकर झाला होता. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा परिसरातली ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. ऊस उत्पादकाला आपल्या उसाचे वजन आणि बिल गावातल्या केंद्रात कळावे, हा हेतू. त्याचा गाजावाजा झाला, पुढे तो मंदावला. पण नेटचा उपयोग खेड्याने प्रथम कशासाठी मागितला, हे त्यातून कळते. मनोरंजनाच्या आधी हिशेब मागितला होता.

मनोरंजन आले ते खिशातून. बीएसएनएलचे बिनतारी घरगुती संच, मग साधे मोबाइल, मग स्वस्त स्मार्टफोन. तरी २०१६ पर्यंत एका जीबीला दोन-अडीचशे रुपये पडत, म्हणून व्हिडिओ पाहणे ही चैन होती. गाणी आणि पिक्चर मोबाइलच्या दुकानात पैसे देऊन मेमरी कार्डात भरून घेत, व्हीसीआरच्या भाड्याचाच हा नवा अवतार. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओची सेवा सुरू झाली, आरंभी फुकट, आणि काही महिन्यांत डेटाचे दर कोसळले. त्याच नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला. महिन्याला एक मनिऑर्डर आणि दोन ओळी यांवर संसार करणाऱ्या आजीच्या नातसुनेला आता मुंबईतला नवरा जेवताना दिसू लागला. मरणाची बातमी व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर, फोटो आणि दहाव्याच्या तारखेसह, तारेपेक्षा लवकर पोहोचू लागली. टीव्हीच्या बाजूने पाहिले तर व्हीसीआरने ज्याची चव दिली होती ते पूर्णपणे घडले. मालिका रात्री साडेआठलाच पाहायची सक्ती संपली. सून ती दुपारी ॲपवर पाहते, सासू साडेआठला टीव्हीवर, आणि नातू दोन्ही वेळा दुसरेच काही.

जुने आणि नवे एकमेकांशेजारी स्पष्ट दिसले ते २०२० मध्ये. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि तीन दिवसांत दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा लावले. तेहतीस वर्षांनी घरे पुन्हा एका वेळेला एकत्र बसली. जूनमध्ये शाळा उघडल्या नाहीत. ज्या घरी स्मार्टफोन आणि रेंज होती तिथे व्हॉट्सॲपवर स्वाध्याय येऊ लागले. मूल उत्तर लिहून फोटो पाठवी आणि बाई लाल खूण करून परत पाठवत. जिथे फोन एकच आणि तो कामावर गेलेल्या बापाकडे, किंवा वाडी डोंगराआड आणि रेंजसाठी टेकडी चढावी लागे, तिथे काय? अशा मुलांसाठी २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीचे धडे, खेळ आणि कृतींच्या रूपाने, मोफत. उपग्रहावरून ती डोंगराआडही पोहोचली. पण ते मूल टिलीमिलीला शंका विचारू शकत नव्हते. संदेश पोहोचणे आणि उत्तर देता येणे यांतला फरक इतका उघड क्वचितच दिसला असेल.

उत्तराची वाट खुली झाली की काय होते, हेही याच वर्षांत दिसले. बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वरच्या मंडळींनी 'चांडाळ चौकडीच्या करामती' ही वेबमालिका गावातच, गावच्याच बोलीत उभी केली. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे या वयाच्या सत्तरीत 'आपली आजी' म्हणून यूट्यूबवर स्वयंपाक शिकवू लागल्या आणि लाखो लोक त्यांचे पाहू लागले. गावची यात्रा, कुस्त्यांचा फड, बैलगाडा शर्यत यांचे थेट प्रक्षेपण आता गावातलाच पोरगा करतो, आणि मुंबईतून, पुण्यातून, आखातातून गाववाले खाली शेरे लिहितात. पूर्वी केबलच्या तारेच्या टोकाला जो ओळखीचा माणूस होता, तो परत आला आहे. फक्त त्याची तार आता जगभर जाते.

आणि छपरावर पुन्हा काहीतरी उगवले आहे. महामार्गाच्या कडेने ऑप्टिकल फायबर जाते, त्यामुळे रस्त्यालगतच्या गावाला जोडणी सोपी. ग्रामपंचायती जोडण्याची सरकारी योजना २०११ पासून चालू आहेच. जिथे तार नेणे जिकिरीचे, तिथे सप्टेंबर २०२३ पासून छपरावर छोटी पेटी बसवून ५जीच्या लहरींवर घरचे नेट देण्याची सेवा सुरू झाली. पेटीचे तोंड जवळच्या मोबाइल मनोऱ्याकडे. वायव्येचा गड, आग्नेयेचा उपग्रह आणि आता टेकडीवरचा मनोरा. आणि ५जीची वाट डोंगराने आजही अडते.

या लांबच्या वाटेच्या शेवटी आपला प्रश्न पुन्हा विचारून पाहू. आज घराला उलट काही सांगता येते का? वरवर पाहता इतके कधीच सांगता आले नव्हते. पडद्यासमोरचा माणूस प्रत्येक क्षणी उत्तर देतो. कोणता व्हिडिओ किती सेकंद पाहिला, कुठे थांबला, कुठे पुढे ढकलला, हे सारे टिपले जाते आणि त्यावरून पुढचे समोर ठेवले जाते. ज्या खेड्याचे पाहणे २०१५ पर्यंत कुणी मोजत नव्हते, त्याचे बोट आता रात्री दोन वाजताही मोजले जाते. मात्र हे उत्तर त्याने दिलेले नाही, त्याच्याकडून घेतलेले आहे. १९५६ चे मंडळ आधी रेडिओ बंद करी, मग आपसांत वाद घाली, आणि मग काय विचारायचे ते ठरवी. त्या उत्तराला अध्यक्ष होता, वही होती, आणि ते कुणाला पाठवले हे माहीत होते. आजचे उत्तर एकेकट्याचे आहे, शब्दांवाचूनचे आहे, आणि ते कुठे वाचले जाते हे देणाऱ्याला ठाऊक नाही.

त्या मंडळांचा खरा वारस शोधायचा तर तो यूट्यूबच्या शिफारशींत सापडणार नाही. तो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. सुप्रभाताची फुले, वाढदिवस आणि भांडणे यांच्या गर्दीत तिथे कुणीतरी लिहितो की तीन दिवस नळाला पाणी नाही, डीपी जळाली आहे, रस्त्याचे काम अर्धवट पडले आहे. ग्रामसेवकही त्या ग्रुपवर असतो आणि त्याने ते वाचले की नाही हे लिहिणाऱ्याला पाहता येते. साडेतीनशे वर्षांत संदेशाचा वेग वाढला, तपशील वाढला, डोंगर बऱ्याच अंशी ओलांडला गेला. ही कामे यंत्रांनी केली. प्रश्न ठरवायला जमणे आणि आलेल्या प्रश्नाला बांधील राहणे, ही दोन कामे १९५६ मध्येही माणसांकडेच होती. ती आजही त्यांच्याकडेच आहेत, आणि कामथडीसारख्या गावात नेट किती चांगले चालते हे शेवटी त्यांवरूनच ठरायला हवे.